नुसतं बाकावर बसून होत नाही

तीन-चार वर्षं मी रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायचे, मागच्या बाकावर बसायचे, आशीर्वाद झाला की सरळ घरी. मग एकदा महिला मंडळाच्या मावशी म्हणाल्या, "अगं, संडे स्कूलला कोणी नाहीये, तू ये की." पोरांच्या त्या बायबलच्या वर्गाला गेले आणि अडकलेच, चांगल्या अर्थाने. आता झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पोरांची रांग लावायची, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार चालू असताना बाहेर माठ भरून ठेवायचे, कारण सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते इथल्यांनाच माहीत, आणि ती उपासना तीन तास चालते.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सीएनआयची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च परंपरा एकत्र येऊन हे चर्च झालं. एकत्र यायचं म्हणजे कोणीतरी आपला हट्ट सोडला असणारच, हे मला कमिटीच्या मीटिंगमध्ये बसायला लागल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात एक आजी आजारी होत्या, आम्ही चौघी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेलो, प्रार्थना केली. आजी माझा हात सोडेचनात. पुढच्या बुधवारी परत जायचंय.