आमची वाटचाल : आर्थर बंदर रोडवरचं एक दार

लोकांना पायी मुंबई दाखवणं हा आमचा धंदा. सुरुवातीला आम्हीही सगळे दाखवतात तेच दाखवायचो : गेटवे, ताज, राजाबाई टॉवर. पण घोळक्यातला एखादा पाहुणा मध्येच विचारायचा, ‘लेड झेपलिन हा ब्रिटिश रॉक बँड, त्यातले लोक वाजवून गेले ती जागा कुठे?’

ती जागा म्हणजे कुलाब्यात आर्थर बंदर रोडवरचा स्लिप डिस्क नावाचा डिस्को. ऑक्टोबर १९७२ मध्ये या बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. बासरीवादक विजय राघव राव यांच्या संचालनाखाली, इथल्याच वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. आणि त्याच मुक्कामात ते या छोट्याशा डिस्कोत गिटार घेऊन उभे राहिले. सत्तरच्या दशकातल्या मुंबईत रॉक ऐकायला जागा ती किती! म्हणून त्या रात्रीचं कौतुक अजून सरलेलं नाही.

आम्ही शोध घेऊ लागलो तर दुसरंच काही हाती आलं. साठी-सत्तरीतली माणसं ‘स्लिप डिस्क’ म्हणत, तर नव्वदच्या दशकात तरुण असलेले ‘वूडू’ म्हणत. दोघांचं बोट मात्र एकाच दाराकडे. स्लिप डिस्क गेला आणि तिथे पुढे वूडू हा पब आला.

वूडूची शनिवारची रात्र समलिंगी मंडळींची. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू होतं. परस्परसंमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुसला. त्याआधीच्या काळात आठवड्यातून एक रात्र खरं नाव, खरी ओढ लपवावी लागू नये, याचं मोल त्या लोकांकडून ऐकावं. आमच्या फेरीत एक काका आले होते. त्या इमारतीसमोर ते बराच वेळ बोलत राहिले, आणि मी पुढचं ठिकाण सोडून दिलं. माझ्या मते या शहराच्या इतिहासात पेज-प्लांटच्या त्या एका रात्रीपेक्षा हे शनिवार मोठे आहेत. फेरीतही आता त्यांनाच जास्त वेळ देतो.

आज वूडूही नाही. पाटी नाही, खूण नाही. अशी जागा शोधायची तर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती, जागेचं नाव छापलेल्या काडेपेट्या आणि बिलं हाच आधार. रस्त्यांचंही तसंच : कुलाबा कॉजवे कागदावर शहीद भगतसिंग मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला कॉजवेच सांगावं लागतं. पाहुण्यांना परमिट रूम हा शब्द मात्र समजावून द्यावा लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही आहे, आणि पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे ऐकून ते थक्क होतात.

या एका दारामुळे आमचं काम बदललं. आता गेटवेची फेरी आम्ही मागणी असेल तरच करतो. बंद पडलेल्या जागांची फेरी शनिवारी संध्याकाळी रीगल सिनेमापासून निघते आणि रेडिओ क्लबपाशी संपते. तुमच्याकडे स्लिप डिस्क किंवा वूडूची काडेपेटी, कूपन, फोटो काहीही असेल तर जरूर दाखवा. आम्ही फोटो काढून वस्तू लगेच परत करतो.