केकचे सहा ट्रे आणि बेकरीतले साडेपाच तास

“चारला घेऊन या,” असं बेकरीतून सांगितलं होतं. मी पावणेचारला पोहोचले. माझे ट्रे भट्टीत गेले ते रात्री ९ वाजून २० मिनिटांनी. या गोष्टीला आता दोन नाताळ झाले, तरी त्या बेकरीवरून जाताना अजून माझं डोकं तापतं. यंदा ज्यांच्यावर पहिल्यांदाच घरच्या नाताळाच्या खाण्याची जबाबदारी आली असेल, त्यांनी माझ्यासारखं बाकड्यावर बसून राहू नये म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर वसईतलं. नाताळाचं सगळं सासूबाई बघायच्या. त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. “मी खुर्चीत बसून सांगेन, करायचं तू.” मला मनापासून आनंद झाला होता. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तोवर माझ्याकडे फक्त कलकल, म्हणजे नाताळाचे छोटे वळलेले गोड तळणीचे तुकडे, वळायचं काम असायचं.

बाकीचं सुरळीत झालं. मसाला तर मे महिन्यातच उन्हात वाळवून, भाजून, कुटून बाटल्यांत भरला होता. आमच्याकडे तो बिअरच्या गडद बाटल्यांत काठीने ठासून भरतात, उजेड आणि हवा लागू नये म्हणून. फळं १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, रममध्ये भिजत घातली: काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साखरेत मुरवलेली साल. तो दिवस धरला की विसरायला होत नाही. रम नको असेल त्यांनी संत्र्याचा रस घ्यावा, पण तो फ्रीजमध्ये आणि एक-दोन दिवसच. महिनाभर ठेवाल तर आंबेल. नेवऱ्या (करंज्या) आणि कलकल आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, तिसऱ्या आठवड्यात झाले. हे दोन्ही कोरडे पदार्थ, डबा घट्ट असला की नाताळानंतरही कुरकुरीत राहतात.

आता केक. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे मावतो. आम्हाला लागतात सहा. एक घरी, एक नणंदेकडे, एक माझ्या माहेरी, आणि बाकीचे कापून शेजारीपाजारी. दिवाळीला आजूबाजूच्या घरांतून आमच्याकडे फराळाची ताटं येतात, त्यांची परतफेड नाताळाला होते. म्हणून घरी मिश्रण करायचं आणि ट्रे बेकरीच्या भट्टीत नेऊन भाजून आणायचे, ही आमच्याकडची जुनी रीत.

२२ डिसेंबरला दुपारी १ किलो मैदा, १ किलो लोणी, १ किलो साखर आणि २० अंडी असं मिश्रण केलं. लोणी-साखर सासूबाईंसमोर बसून फेटलं. रंग पिवळ्याचा पांढरट होईपर्यंत त्या थांबू देईनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. तीन वाजता ते इतकं हलकं झालं होतं की चमच्यावरून घसरताना आवाजसुद्धा येत नव्हता. सहा ट्रे भरले, रिक्षात मांडीवर आणि पायाशी ठेवून नेले.

बेकरीच्या मागच्या दाराशी जमिनीवर साठ-सत्तर ट्रे मांडलेले होते. प्रत्येकावर नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. मी माझे सहा रांगेच्या शेवटी ठेवले आणि बाकड्यावर बसले. पाच वाजता विचारलं. “आता लागतील, ताई.” सहा वाजता पुन्हा तेच. मधल्या वेळात दुकानाच्या स्वतःच्या ऑर्डरचे प्लम केक, कागदी डब्यांत ओतलेले, ओळीने आत जात होते, ते मी मोजत होते. सातला मला चारची वेळ देणारा माणूस ड्यूटी संपवून घरी गेला. त्याच्या जागी आलेल्याने सांगितलं, मला कुणी काही बोललेलं नाही.

मी माझ्या ट्रेजवळ जाऊन उकिडवी बसले. मिश्रणावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते. एक फुटला की त्या जागी छोटा खळगा राहायचा. वर दिसणाऱ्या मनुका हळूहळू आत चालल्या होत्या. साडेतीनला मी वरून बोटाने सारख्या केलेल्या मनुका होत्या त्या, आठ वाजता त्यातली एकही दिसेना.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण यातच सगळं आहे. बेकिंग पावडरला ओल लागली की तिच्यातला काही वायू तिथल्या तिथे सुटायला लागतो, उरलेला भट्टीच्या आचेने. पहिला वायू बाकड्यावर बसल्या-बसल्या उडून गेला तर केक फुगायचा कशाने? शिवाय लोणी आणि अंडी फेटून कोंडलेली हवाही तासागणिक निघून जाते. मिश्रण बसतं, पातळ होतं आणि फळं तळाला जातात. फळं आधी निथळून, चमचाभर मैद्यात घोळवून घातली तर थोडी तग धरतात, पण साडेपाच तास नाही.

माझ्या शेजारी एक वयस्क मावशी दोन ट्रे घेऊन निवांत बसल्या होत्या. मी त्यांना माझे बुडबुडे दाखवले. त्या म्हणाल्या, “माझा रव्याचा आहे ग, नारळ घातलेला. रात्रभर भिजवलाय. त्याला थांबायला काही वाटत नाही.” रवा आणि नारळाच्या या केकचं, ज्याला गोव्याकडे बाथ म्हणतात, मिश्रण मुद्दाम ठेवायचंच असतं, रवा फुलल्याशिवाय तो केक होत नाही. बेकरीत रांग लागणारच असेल तर तो केक न्या. ते त्या दिवशी कळलं.

मला रांगेचा राग नाही. नाताळात रांग असणारच. भट्टी एक आणि अख्खा गाव केक घेऊन येतो. दुकानाची ऑर्डर आधी लावली यालाही माझी हरकत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. राग आहे तो वेळ सांगून ती न पाळण्याचा. नऊ वाजतील असं कुणी स्पष्ट म्हटलं असतं तर मी लोणी-साखर फेटून ठेवलं असतं आणि मैदा-अंडी साडेआठला घातली असती. एका वाक्याचं काम होतं. मी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा “आता” हेच उत्तर मिळालं.

शेवटी ट्रे आत गेले तेही चुकीच्या वेळी. संध्याकाळच्या पावाची शेवटची खेप नुकतीच निघाली होती आणि भट्टी पावाच्या आचेवर होती. पावाला कडक आच लागते. फळांच्या केकला १५० ते १६० अंश पुरे, तेही तास-सव्वा तास. रात्री ११ वाजून १० मिनिटांनी ट्रे हातात आले तेव्हा वरचा पापुद्रा काळपट होऊन मधोमध तडकला होता. घरी येऊन एक कापला. खालचा दोन बोटं थर खरवसासारखा गच्च, आणि सगळी फळं त्यात. नवरा म्हणाला, चव चांगली आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त सुरी धुऊन ठेवली. मी त्या रात्री खूप रडले.

वर आणखी एक. सहातला एक ट्रे आमचा नव्हताच. त्याच्यावर काजू लावलेले होते; आम्ही काजू लावत नाही. चिठ्ठ्या आचेने करपून गळून पडल्या होत्या, त्यात अदलाबदल झाली. सकाळी बेकरीत गेले तर “इतक्या गर्दीत कसं कळणार?” एवढंच ऐकून परत आले. सासूबाईंच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या ट्रेंच्या कडेवर खिळ्याने आडनावाचं अक्षर कोरलेलं आहे. ते चेपलेले दिसतात म्हणून मी नवे आणले होते. तुम्ही कुठलेही ट्रे वापरा, पण अक्षर कोरून घ्या. कागदावर भिस्त ठेवू नका. आमचा ट्रे चर्चच्या महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकल्यावर सापडला, आणि २४ तारखेच्या रात्री मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर आवारात मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्याशेजारी आम्ही दोघींनी ट्रे बदलले. तिचाही केक बसलेलाच होता.

पुढच्या वर्षी मी आधी भट्टी ठरवली, मग बाकीचं सगळं. वेगळ्या बेकरीत गेले आणि “कधी आणू?” असं विचारलंच नाही. विचारलं, “सकाळचा पाव कधी निघतो, आणि त्यानंतर भट्टी रिकामी किती वेळ असते?” भट्टीवाल्या काकांनी लगेच सांगितलं: पाव सहाला निघतो, आठनंतर आच उतरते, तेव्हा आणा. विटांची भट्टी आच धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. ती उतरती आच फळांच्या केकला अगदी मानवते. त्यांनी माझ्यासमोर कागदाचा तुकडा आत टाकून बघितला. तो लगेच काळा झाला तर थांबायचं, सावकाश तांबूस झाला तर ट्रे आत.

तारीख घेतली ११ डिसेंबर. नाताळाच्या आदल्या आठवड्यात जायची काहीच गरज नाही. फळांचा केक कागदात गुंडाळून डब्यात ठेवला आणि आठवड्यातून एकदा चमचाभर रम वरून दिली तर दोन आठवड्यांत तो उलट मुरतो. ज्यांच्याकडे रम घालत नाहीत त्यांनी मात्र इतका आधी करू नये.

आणि मिश्रण घरून पूर्ण करून नेलं नाही. फेटलेलं लोणी-साखर एका पातेल्यात, अंडी फोडून बरणीत, मैदा आणि बेकिंग पावडर तीनदा चाळून कोरड्या डब्यात, फळं वेगळी. काकांनी “दहा मिनिटांत लावतो” म्हटल्यावर तिथल्या ओट्यावर सगळं एकत्र केलं. लोक बघत होते, बघू देत. ट्रेला आतून बटर पेपर आणि बाहेरून वर्तमानपत्राच्या दोन घड्या सुतळीने बांधल्या, म्हणजे कडा आधी भाजत नाहीत. सहाही केक वर आले. सासूबाईंनी कापलेल्या फोडीकडे बघितलं, मनुका वरपासून खालपर्यंत सारख्या होत्या, आणि त्या म्हणाल्या, “ही माझ्या फोडीसारखी आहे.” त्या क्षणाचा मला आजही अभिमान आहे.

इंद्याल, म्हणजे व्हिनेगर घातलेलं मांसाचं कालवण, राहिलंच. ते २५ ला करू नका. व्हिनेगर मुरायला वेळ लागतो. २३ ला करा, रोज एकदा नीट उकळा, जेवायला काढाल तेव्हा त्याला खरी चव आलेली असते. आमच्याकडे अडचण वेगळीच येते: सासूबाई २४ ला मिस्सा होईपर्यंत मांसाला तोंड लावत नाहीत. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये उपवासाचे नियम बदलले, तरी त्यांच्या आईने लावलेली सवय त्यांनी सोडली नाही. म्हणून मीठ-मिरची २३ लाच त्यांच्याकडून चाखून घ्यायची.

फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, मात्र आयत्या वेळचेच. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट. पूर्वी ताडी घालायचे. डिसेंबरच्या गारव्यात पीठ तीन तासांत फुगत नाही, पाच धरा, किंवा पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. हात पाण्यात बुडवून पीठ मुठीत घ्यायचं आणि अंगठा-तर्जनीमधून वर दाबून तेलात सोडायचं. तेल खोल हवं, म्हणजे फुगा आपोआप उलटतो. उलटला नाही तर पीठ अजून तयार नाही, थांबा.

यंदाची फळं १ तारखेला भिजली आहेत. काकांशी फोनवर बोलणं झालंय: १२ डिसेंबर, सकाळी आठ, सहाऐवजी सात ट्रे. सातवा त्या रव्याच्या केकवाल्या मावशींना द्यायचा आहे.