उभा राहणारा पाय

२०१९-२०च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधले मँचेस्टर सिटीचे विजेतेपद नेमके कशामुळे गेले, यावर माझा आणि माझ्या एका जुन्या मित्राचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या मते त्या हंगामाचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, ब्रायटनविरुद्धच्या सामन्याच्या पूर्वार्धातच लागला होता, कारण त्या दिवशी सिटीचा बचावपटू एमेरिक लापोर्त गुडघा धरून मैदानाबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर सिटीच्या मध्यवर्ती बचावातला एकमेव डावा पायही गेला. मला हे स्पष्टीकरण फार सोयीचे वाटत असे. एका खेळाडूच्या, तेही त्याच्या एका पायाच्या गैरहजेरीने एवढा मोठा संघ कोलमडतो, यावर माझा विश्वास बसत नव्हता. आज माझे मत बरेच बदलले आहे, मात्र मित्राला हवे आहे त्या दिशेने ते पुरते गेलेले नाही.

आकडे त्याच्या बाजूने आहेत, हे आधी मान्य करतो. २०१८-१९मध्ये सिटीने ९८ गुणांसह विजेतेपद मिळवले आणि संपूर्ण हंगामात अवघे २३ गोल स्वीकारले. पुढच्या हंगामात त्यांनी ३५ गोल स्वीकारले, नऊ सामने गमावले आणि ८१ गुणांवर समाधान मानले, तर लिव्हरपूल ९९ गुणांपर्यंत पोहोचले. आक्रमण कमी पडले म्हणावे, तर त्या हंगामात सिटीने १०२ गोल केले होते, म्हणजे विजेतेपदाच्या हंगामापेक्षाही अधिक. गळती बचावातच होती, यात शंका नाही. पण बचावपटू व्हिन्सेंट कोंपानी त्याच उन्हाळ्यात संघ सोडून गेला होता आणि त्याच्या जागी कोणालाही घेतले गेले नव्हते. डाव्या बाजूने धावणारा लेरॉय साने हंगामाच्या उंबरठ्यावरच गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर पडला होता. इतकी कारणे एकत्र आलेली असताना सगळा भार एका पायावर टाकावा का, हा माझा प्रश्न होता.

त्या पायाचे मोल समजण्यासाठी चेंडू कुठून येतो ते पाहावे लागते. डाव्या बाजूच्या सेंटर-बॅककडे, म्हणजे मध्यवर्ती बचावपटूकडे, चेंडू बहुतेक वेळा गोलरक्षकाकडून किंवा उजवीकडच्या सहकाऱ्याकडून, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूने येतो, आणि त्याला घेरणारा आघाडीवीरही तिकडूनच धावत येतो. डाव्या पायाचा खेळाडू तो चेंडू आपल्या अंगासमोरून पुढे जाऊ देतो आणि टचलाइनकडच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडच्या पायाने घेतो, त्यामुळे आघाडीवीर आणि चेंडू यांच्यामध्ये त्याचे सबंध शरीर आडवे राहते आणि पुढचा पास त्याच पायाने, वेगळे पाऊल न टाकता देता येतो. उजव्या पायाच्या खेळाडूला मात्र एकतर चेंडू आतल्या पायावर, म्हणजे नेमका प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात घ्यावा लागतो, नाहीतर डाव्या पायाने घेऊन नंतर उजव्यावर आणावा लागतो, आणि या एका जादा स्पर्शात मैदानाची डावी बाजू बंद झालेली असते. टचलाइनच्या कडेने पुढे पास द्यायचा झाला तरी हाच फरक जाणवतो. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने मारलेला चेंडू वळत वळत मैदानाबाहेर जाऊ पाहतो, तर डाव्या पायाने मारलेला चेंडू वळून पुन्हा मैदानात येतो. हे अंतर वीतभरही नसेल, पण कडेने धावणाऱ्या विंगरच्या पुढ्यात पडणारा चेंडू आणि थ्रो-इन यांच्यातला फरक तेवढाच असतो.

शिवाय २०१९च्या उन्हाळ्यात गोल-किकचा, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाने आपल्या गोलजवळून चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू करण्याचा नियम बदलला आणि चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जाण्याआधीच तो सहकाऱ्याने घेण्यास मुभा मिळाली. त्यामुळे सेंटर-बॅक स्वतःच्या गोलपासून काही पावलांवर उभे राहून चेंडू घेऊ लागले आणि तिथे चुकीचा पाय म्हणजे थेट गोलचे आमंत्रण ठरू लागले. लापोर्त नेमका याच बदलाच्या पहिल्या हंगामात जायबंदी झाला, ही गोष्ट मित्राच्या बाजूने धरायला हवी.

तरीही डाव्या बाजूला डावाच पाय हवा, हा नियम म्हणून मला मान्य नाही. नेदरलँड्सचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक उजव्या पायाचा आहे आणि त्याने आपली कारकीर्द मुख्यतः मधल्या बचावाच्या डाव्या बाजूला घडवली. किंबहुना तिथून उजव्या पायाने उजव्या विंगकडे तिरका, लांब पास देणे ही त्याची ओळख बनली, आणि डाव्या पायाच्या खेळाडूला तो कोन इतक्या सहजपणे मिळाला नसता. इटलीचा पाओलो माल्दिनीही मूळचा उजव्या पायाचा, आणि तरीही मिलानच्या बचावफळीत डावीकडे त्याने जे काही केले ते पाहिल्यावर त्याचा कमकुवत पाय कोणता, हे शोधत बसावे लागते. जर्मन बचावपटू आंद्रेआस ब्रेमेने तर १९८६च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या शूटआउटमध्ये डाव्या पायाने पेनल्टी मारली आणि १९९०च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्धची निर्णायक पेनल्टी उजव्या पायाने. हे आठवले की मला आजही मनापासून आदर वाटतो.

इथे स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे. मी हौशी संघात काही वर्षे डावीकडे बचाव करत असे आणि माझा पाय उजवा होता. डावा पाय सुधारावा म्हणून मी रोज भिंतीवर चेंडू मारत असे, आणि कित्येक आठवडे चेंडू मनाला येईल तिकडे जात असे. शेवटी एका अनुभवी प्रशिक्षकांनी मला चेंडूकडे नव्हे, तर माझ्या उजव्या पायाकडे पाहायला सांगितले. डाव्या पायाने चेंडू मारताना माझा उजवा पाय चेंडूपासून फार दूर पडत होता, गुडघा ताठ राहत होता आणि शरीराचे वजन त्याच्यावर स्थिरावतच नव्हते. डाव्या पायात ताकद होती. त्याने आयुष्यभर फक्त आधार देण्याचे काम केले होते. उजव्या पायाने आधार देण्याचे काम कधी शिकलेच नव्हते. ज्याला आपण कमकुवत पायाचा सराव म्हणतो तो निम्मा तरी बलवान पायाला उभे राहायला शिकवण्याचा सराव असतो, हे मला तेव्हा कळले.

ही गोष्ट ध्यानात आल्यापासून दुखापतीच्या बातम्या मी वेगळ्या नजरेने वाचतो. लापोर्तची शस्त्रक्रिया उजव्या गुडघ्यावर झाली होती, तिथला मेनिस्कस (सांध्यातली चकती) आणि कूर्चा दुरुस्त करण्यात आला. तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी, माझ्या मित्रानेही, असे म्हणून समाधान मानले होते की निदान त्याचा डावा पाय तरी शाबूत आहे, तो परतला की पास पूर्वीसारखेच होतील. पण प्रत्येक डाव्या पासाच्या वेळी त्याचे सगळे वजन ज्या गुडघ्यावर येणार होते, तोच गुडघा शस्त्रक्रियेतून गेला होता. त्याच्या खेळावर याचा प्रत्यक्ष किती परिणाम झाला, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. तो जानेवारी २०२०मध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध परतला, सिटीने तो सामना १-० असा जिंकला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस रिअल माद्रिदविरुद्ध त्याला अर्ध्या तासानंतर पुन्हा बाहेर पडावे लागले. त्या रात्री फर्नांदिन्यो त्याच्या जागी आला आणि सिटीने सामना २-१ असा जिंकला, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

फर्नांदिन्योचे नाव आल्यावर मला माझा खरा मुद्दा मांडता येईल. तो मूळचा मधल्या फळीतला खेळाडू, आणि त्या हंगामात त्याला बहुतेक वेळ बचावात उभे केले गेले. जागा लापोर्तची रिकामी झाली आणि पोकळी मधल्या फळीतही पडली. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलने हे याहून तीव्रतेने अनुभवले. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, नंतर जो गोमेझ आणि जोएल मातिप हेही हंगामासाठी गेले, मग मधल्या फळीतल्या फाबिन्यो आणि जॉर्डन हेंडरसन यांना मागे ओढावे लागले, आणि घरच्या मैदानावर ६८ लीग सामने अपराजित राहिलेला संघ त्यानंतर तिथे लागोपाठ सहा सामने हरला. २०२३मध्ये बचावपटू विल्यम सालिबा मार्चच्या मध्यावर पाठीच्या दुखापतीने बाहेर गेला तेव्हा त्याचा संघ आर्सेनल अव्वल स्थानावर होता. त्याच्या जागी आलेला रॉब होल्डिंगही उजव्या पायाचाच होता, शेजारी डाव्या पायाचा गॅब्रिएल कायम होता, म्हणजे पायांचे गणित जराही बदलले नव्हते. तरीही एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम यांच्याविरुद्ध दोन-दोन गोलांची आघाडी हातची गेली आणि शेवटी सिटीने पाच गुणांनी विजेतेपद नेले. सालिबाच्या वेगाच्या भरवशावर आर्सेनलची बचावफळी मध्यरेषेजवळ उभी राहत असे. तो भरवसा गेल्यावर ती मागे सरकली आणि तिच्यात व पुढच्या दोन्ही फळ्यांत अंतर वाढले, असे ते सामने पाहताना मला जाणवले.

या सगळ्या वादात एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. गैरहजर खेळाडू महिनोन्‌महिने दिसला नाही की काही चाहते त्याला ‘काचेचा’ म्हणू लागतात. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटल्यावर किमान नऊ महिने थांबावे, असा सल्ला बहुतेक तज्ज्ञ देतात, कारण घाईने परतलेल्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका वाढतो. बचावपटूला तर मागे धावता धावता वळावे लागते, उडी मारून एका पायावर उतरावे लागते, आणि हे सर्व प्रतिस्पर्धी ठरवील त्या क्षणी, त्या दिशेने करावे लागते. व्हॅन डाइक २०२१च्या उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठीही परतला नाही, तेव्हा अनेकांना वाईट वाटले. मला तो निर्णय त्याच्या उत्तम निर्णयांपैकी एक वाटतो.

मित्राशी परवा पुन्हा बोलणे झाले. सतरा गुणांच्या त्या घसरणीत लापोर्तच्या डाव्या पायाचा वाटा मी आता मान्य करतो, पण कोंपानीची न भरलेली जागा आणि मागे ओढला गेलेला फर्नांदिन्यो यांचा वाटा मी त्याहून मोठा धरतो, आणि मित्र उलटा क्रम लावतो. एका बाबतीत मात्र आमचे एकमत झाले आहे. दुखापतीतून परतलेल्या बचावपटूचा पहिला सामना पाहताना आम्ही दोघेही आता चेंडू मारणाऱ्या पायाकडे नंतर पाहतो. आधी दुसरा पाय चेंडूच्या किती जवळ पडतो आहे आणि त्याचा गुडघा नीट वाकतो आहे की नाही, ते पाहतो.