आठ गावांची लीग, आता आठांपैकी एकातही नाही

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी-मॉरिसव्हिल भागात मराठी माणसांचा तुटवडा नाही. रिसर्च ट्रँगल पार्कातल्या नोकऱ्यांनी बरेच जण इकडे खेचले गेले. मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कवर 2023 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, तेव्हापासून इथल्या आपल्या लोकांची क्रिकेटची कॉलर जरा जास्तच ताठ आहे. माझा मावसभाऊ त्यांतलाच. जुनी बेसबॉलची मैदानं बघायचीत म्हटल्यावर म्हणाला, "ताई, एवढा विमानाचा खर्च करून तू गवत बघायला आलीस?" पण गाडी त्यानेच काढली आणि आठवडाभर कुरकुर न करता चालवली. म्हणजे, फारशी कुरकुर न करता.

मला बघायची होती कॅरोलायना लीग. खरं तर तिचा मागमूस. 1945 च्या उन्हाळ्यात, युद्ध अजून पुरतं संपलेलं नसताना, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातल्या आठ संघांनी ती सुरू केली: डरहम, रॅली, बर्लिंग्टन, ग्रीन्सबरो, विन्स्टन-सेलम, डॅनव्हिल, मार्टिन्सव्हिल आणि लीक्सव्हिल-ड्रेपर-स्प्रे. शेवटचं नाव एका संघाचं आहे. तिन्ही गावं मिळून एक संघ, म्हणून टोपणनाव 'ट्रिप्लेट्स', म्हणजे तिळी भावंडं. पुढे 1967 मध्ये तिन्ही गावं एकत्र होऊन ईडन नावाचं शहर झालं. बेसबॉलच्या संघाने ते वीसेक वर्षं आधीच करून दाखवलं होतं!

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत वर मेजर लीगचे तीस क्लब. त्यांच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या. खालच्या पायरीवरचे खेळाडू वरच्या क्लबच्या मालकीचे, पगारही तोच देतो. गावातला क्लब मैदान सांभाळतो, तिकिटं विकतो, पॉपकॉर्न विकतो. पोरगं चांगलं खेळायला लागलं की वरून फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी ते गावातून गायब. ज्या गावाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्याला कोणी विचारत नाही.

सुरुवातीच्या काळात मात्र गावाची पकड घट्ट होती, आणि गाव म्हणजे गिरणी किंवा तंबाखू. टाइम्स शील्डमध्ये टाटा, मफतलाल, निर्लॉन अशी नावं वाचून आपल्याला जसं मुंबईचं उद्योगविश्व दिसायचं, तसंच इथे संघांच्या नावांत दिसतं. डॅनव्हिल तंबाखूच्या लिलावाचं गाव, म्हणून संघ 'लीफ्स'. रीड्सव्हिलला लकी स्ट्राइक सिगारेटचा कारखाना, म्हणून 'लकीज'. विल्सनचे 'टॉब्स' म्हणजे टोबॅकोनिस्ट्स. आणि डरहमचे 'बुल्स' आले ते बुल डरहम या तंबाखूच्या छापावरून.

डरहमचं जुनं मैदान गावाच्या मध्यावर आहे. 1926 मध्ये बांधलेलं, 1939 मध्ये आगीत लाकडी स्टँड जळून गेला, मग पुन्हा उभारलं. प्रवेशाशी शंकूसारख्या छपराचा गोल बुरूज आहे, तिथे तिकिटं मिळायची. आत जाऊन बसलं की एक गोष्ट चटकन जाणवते: सगळं जवळ आहे. पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूचा उसासा ऐकू यावा इतकं. 1980 मध्ये माइल्स वुल्फ याने अगदी किरकोळ पैशांत मिळवलेला क्लब इथे पुन्हा सुरू केला. त्याआधीची काही वर्षं डरहमला संघच नव्हता. सत्तरच्या दशकाच्या मध्यात तर अख्ख्या लीगमध्ये चार क्लब उरले होते. टीव्हीवर फुकटात मेजर लीग दिसत असताना डास मारत बाकावर कोण बसणार? 1949 मध्ये देशभर 59 मायनर लीग होत्या, पुढच्या दशकात त्या भराभर मिटल्या. कॅरोलायना लीग तग धरून राहिली हेच नवल. पुढे 1988 मध्ये याच मैदानावर चित्रित झालेला 'बुल डरहम' हा चित्रपट आला आणि लोक इतके लोटले की क्लबला मैदान पुरेना. 1995 मध्ये नवं स्टेडियम बांधलं, 1998 मध्ये बुल्स थेट ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर गेले. कॅरोलायना लीगला तिच्या सगळ्यांत गाजलेल्या क्लबने राम राम ठोकला तो असा, यशामुळे.

त्या चित्रपटातल्या नायकाचं क्रॅश डेव्हिस हे नाव खऱ्या खेळाडूचं. लॉरेन्स 'क्रॅश' डेव्हिस 1948 मध्ये बुल्सकडून खेळला होता.

माझं सगळ्यांत लाडकं ठिकाण मात्र बर्लिंग्टन. इथल्या स्टेडियमचा ग्रँडस्टँड मूळचा बर्लिंग्टनचा नाहीच. डॅनव्हिलचा क्लब 1958 नंतर बंद पडला, तिथलं मैदान ओस पडलं. बर्लिंग्टनने तो स्टँड पाच हजार डॉलरला विकत घेतला, सुटा करून राज्याची हद्द ओलांडून आणला आणि 1960 मध्ये इथे पुन्हा जोडला. आपल्याकडे जुन्या वाड्यांचे खांब नि चौकटी बाजारात येतात, पण अख्खा स्टँड? मी छताखालचे लोखंडी आधार निरखत हिंडत होते, रंगाचे थरावर थर चढलेले. भाऊ वर पायऱ्यांवर बसून फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. म्हणजे डॅनव्हिलमध्ये ज्या स्टँडमधून लोकांनी विली मकव्हीला आणि 1956 मध्ये 51 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारणाऱ्या लिऑन वॅग्नरला पाहिलं, तो आता बर्लिंग्टनमध्ये आहे आणि त्यात कॉलेजच्या पोरांचे उन्हाळी सामने बघायला लोक बसतात.

डॅनव्हिलचं आणखी एक. 1951 च्या ऑगस्टमध्ये पर्सी मिलर ज्युनियर या त्याच गावच्या खेळाडूला लीफ्सने मैदानात उतरवलं. कॅरोलायना लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन तिथे येऊन चार वर्षं झाली होती, म्हणजे खालच्या पायरीला वरच्यापेक्षा जास्त वेळ लागला. वर्णभेद संपला असं मात्र कोणी समजू नये. त्यासाठी थॉमसव्हिलला जावं लागतं.

थॉमसव्हिल फर्निचरचं गाव. शेजारच्या हाय पॉइंटसह संघ 'हाय-टॉम्स'. फिंच फील्ड या त्यांच्या मैदानावर 1956 मध्ये कर्ट फ्लड खेळला. अठरा वर्षांचा, कॅलिफोर्नियाच्या ओकलंडमध्ये वाढलेला मुलगा. प्रेक्षक शिव्या घालायचे. बस खाणावळीपाशी थांबली की गोरे सहकारी आत जेवायला, हा मागच्या दाराशी. अशा हंगामात त्याने .340 ची सरासरी काढली, म्हणजे शंभरांत चौतीस वेळा हिट. बेसबॉलमध्ये तीस झाले तरी लोक टोप्या उडवतात. तेरा वर्षांनी, सेंट लुईसच्या क्लबने न विचारता त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा हाच फ्लड अडून बसला: मी काही विकायची वस्तू नाही. सर्वोच्च न्यायालयात 1972 मध्ये तो 5-3 ने हरला, पण खेळाडूंवरची क्लबची आजन्म मालकी त्यानंतर फार वर्षं टिकली नाही. फ्लडच्या हट्टाचं मूळ मला तरी थॉमसव्हिलच्या त्या मागच्या दारात दिसतं. जुन्या मैदानांवर गहिवरून लिहिणारे हा भाग एका ओळीत उरकतात, त्याचा मला राग येतो.

मार्टिन्सव्हिल आणि ईडन गाडीतूनच बघितलं. ग्रीन्सबरोत पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ 1926 मध्ये बांधलेल्या स्टेडियमच्या कमानींखाली थोडा वेळ उभी राहिले. गावाचा क्लब आता दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या लीगमध्ये खेळतो. रॅलीत तर क्लबच नाही, जिथे 1959 मध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्कीने .377 मारले होते.

राहिलं विन्स्टन-सेलम. पहिल्या हंगामापासून खंड न पाडता लीगमध्ये टिकलेलं हे एकच गाव. 2020 चा हंगाम साथीमुळे झालाच नाही, आणि त्या सुट्टीत मेजर लीगने अख्खी मायनर लीग व्यवस्था मोडून नव्याने मांडली. देशभरातले चाळीसेक क्लब बाहेर काढले. कॅरोलायना लीग एक पायरी खाली ढकलली गेली, 2021 मध्ये तर तिला 'लो-ए ईस्ट' असं सरकारी फायलीला शोभेल असं नाव मिळालं. 2022 मध्ये जुनं नाव परत आलं. विन्स्टन-सेलम तोवर वरच्या पायरीवर, वेगळ्या लीगमध्ये गेलं होतं. तेव्हा हिशेब असा: लीग शाबूत, बारा क्लब, आणि मूळ आठांतलं एकही गाव नाही.

मग आजची कॅरोलायना लीग बघायला आम्ही रॅलीच्या पूर्वेला झेब्युलॉनला गेलो, मडकॅट्सचा सामना बघायला. स्टेडियम रानात का, तर त्यालाही कारण आहे. बुल्सच्या मैदानापासून 35 मैलांच्या आत दुसरा क्लब चालणार नाही असा नियम होता, म्हणून 1991 मध्ये क्लबच्या मालकाने हद्द संपताच तळ ठोकला. खेळाडू कोवळे, बरेचसे विशीच्या आसपासचे, कित्येकांची मातृभाषा स्पॅनिश. 2023 पासून त्यांना युनियनचा करार आहे. या पायरीवरचा किमान वार्षिक पगार 11,000 वरून 26,200 डॉलर झाला. त्याआधी पोरं चार-चार जण एका खोलीत राहून, हवेच्या गाद्यांवर झोपून दिवस काढायची.

भावाने व्हिनेगर मारलेला बार्बेक्यू घेतला, पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, किती सेकंदांत चेंडू टाकायचा ते मोजणाऱ्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे आपल्या ओव्हर-रेटला लावायला पाहिजे." सातव्या डावात तो माझ्याआधी उभा राहून ओरडत होता.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: झेब्युलॉनमध्ये मडकॅट्सचा 2025 हा शेवटचा हंगाम होता. 2026 पासून क्लब विल्सनचा, नवं स्टेडियम, नवं नाव 'वॉरबर्ड्स'. विल्सनने ही लीग 1973 नंतर सोडली होती. गावात फ्लेमिंग स्टेडियम हे जुनं मैदान आहेच, त्याला लागून नॉर्थ कॅरोलायनाच्या बेसबॉलचं छोटं संग्रहालय आहे. आधी वेळा बघून जा. दोन्ही एका दिवसात होतं.