फिस्कालची खुर्ची कोणाची?

लॅटिन अमेरिकेचं राजकारण फॉलो करायचं असेल तर माझा फुकटचा सल्ला, राष्ट्राध्यक्ष कोण हे नंतर बघा, आधी तिथला फिस्काल कोण ते बघा. फिस्काल म्हणजे सरकारी वकील, पण नुसता कोर्टात उभा राहून युक्तिवाद करणारा नाही, तपास कोणाचा करायचा, कोणाची फाइल धूळ खात ठेवायची हेही बऱ्याच देशांत त्याच्याच ऑफिसात ठरतं.

ग्वाटेमालाचंच बघा ना. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओट्टो पेरेस मोलिना यांनी तेल्मा आल्दाना यांना या खुर्चीवर बसवलं. बाई काय आपल्या वाटेला जायच्या नाहीत असंच त्यांना वाटलं असणार. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये आल्दाना आणि यूएनच्या मदतीने चालणारं सिसिग नावाचं कमिशन यांनी मिळून कस्टम्सचा घोटाळा बाहेर काढला. इम्पोर्टर लोक एका ठराविक फोन नंबरवर कॉल करायचे, लाच ठरायची आणि ड्युटी कमी व्हायची, म्हणून त्या टोळीचं नावच पडलं 'ला लीनिया', म्हणजे लाइन. फोन टॅप झाले, दर शनिवारी चौकात माणसं जमायला लागली, मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष बाई पायउतार झाल्या आणि सप्टेंबरात खुद्द पेरेस मोलिना राजीनामा देऊन थेट कोठडीत. ज्याने नेमलं त्यालाच आत टाकलं, असं किती ठिकाणी होतं सांगा.

आता खरी गोम इथून पुढे आहे. 2016 मध्ये कायदा बदलला, म्हणजे फिस्काल जनरलवर, देशाच्या मुख्य फिस्कालवर, गुन्हा कोर्टात सिद्ध होऊन शिक्षा कायम झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाला त्यांना काढताच येणार नाही. उद्या कोणी चिडून आल्दानांसारख्या बाईला घरी पाठवू नये म्हणून हे कवच, हेतू चांगलाच. पण 2018 मध्ये त्याच खुर्चीवर कोन्सुएलो पोर्रास आल्या आणि तेच कवच त्यांना मिळालं. 2019 मध्ये सरकारने सिसिगला मुदतवाढ दिली नाही, 2021 मध्ये पोर्रास बाईंनी भ्रष्टाचारविरोधी विभागाचे प्रमुख हुआन फ्रान्सिस्को सांदोवाल यांना काढलं आणि ते त्याच रात्री बॉर्डर ओलांडून एल साल्व्हादोरला गेले. आल्दाना तर तोवर अमेरिकेत आश्रयाला पोचल्या होत्या. म्हणजे चोरांमागे लागलेले देशाबाहेर!

2023 ची निवडणूक बेर्नार्दो आरेवालो जिंकले तेव्हा याच ऑफिसने त्यांच्या पक्षामागे खटले लावले, निवडणूक आयोगावर धाडी टाकून मतमोजणीचे कागद उचलून नेले. मग आदिवासी माया समाजाचे पुढारी रस्त्यावर उतरले, ऑक्टोबरात देशभर हायवे बंद, राजधानीत फिस्कालच्या ऑफिसबाहेर तळ ठोकून बसले, मागणी एकच, पोर्रास यांनी जावं. त्या गेल्या नाहीत. आरेवालोंनी जानेवारी 2024 मध्ये शपथ घेतली, तीही मध्यरात्र उलटून, आणि आपल्यालाच आडव्या आलेल्या बाईंना ते काढू शकत नव्हते. कायदा!

माझं मत विचाराल तर तो कायदा चुकीचा नव्हता. कीड आहे ती नेमणुकीत. सुप्रीम कोर्टाचे अध्यक्ष, लॉ फॅकल्टींचे डीन, बार असोसिएशनवाले अशी कमिटी बसते, ती सहा नावं देते आणि राष्ट्राध्यक्ष त्यातून एक उचलतो. आता डीनला मत आहे म्हटल्यावर काही जणांनी मतासाठीच लॉ फॅकल्टी काढल्या असा आरोप तिथे कित्येक वर्षं होतोय, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

कोलंबियात तर उलटीच तऱ्हा. तिथे फिस्काल वेगळा आणि प्रोकुरादोर वेगळा. हा दुसरा सरकारी लोकांवर शिस्तीची कारवाई करतो, आणि त्यात निवडून आलेले लोकही आले. 2013 च्या डिसेंबरात प्रोकुरादोर आलेहान्द्रो ओर्दोन्येस यांनी बोगोताच्या महापौरांना कचरा उचलण्याच्या घोळावरून काढलं आणि वर 15 वर्षं बंदी. महापौर कोण, तर गुस्ताव्हो पेट्रो. काही महिन्यांत ते परत आले, 2020 मध्ये आंतरअमेरिकी मानवाधिकार कोर्टाने सांगितलं की निवडून आलेल्या माणसाला असं घरी पाठवायचा अधिकार फौजदारी कोर्टाचा, आणि 2022 मध्ये पेट्रो राष्ट्राध्यक्ष. ओर्दोन्येस यांची स्वतःची फेरनिवडच 2016 मध्ये कोर्टाने रद्द केली होती, हे जाता जाता.

सगळंच असं रडगाणं नाही हां. चिलीचं कोन्त्रालोरिया, म्हणजे सरकारी कारभार तपासणारं ऑफिस, मला मनापासून आवडतं, 1927 पासूनचं, आणि सरकारचे बरेचसे आदेश त्यांनी तपासून पास केल्याशिवाय लागूच होत नाहीत. 2025 च्या मे महिन्यात तिथल्या प्रमुख डोरोथी पेरेस यांनी आजारपणाच्या रजांची यादी आणि बॉर्डर पोलिसांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघितल्या, बस एवढंच, आणि निघाले काय तर आजारी म्हणून रजेवर असताना परदेशात जाऊन आलेले 25,000 हून जास्त सरकारी कर्मचारी. ना फोन टॅपिंग ना धाड, दोन याद्या. त्यानंतर राजीनामे सुरू झाले, चौकशा लागल्या आणि रजेची सर्टिफिकेटं देणारे डॉक्टरही रडारवर आले.