शेंगअळी, व्हिसा आन् देवगिरी

तुरीवरच्या शेंगअळीवर काम करायलोय, शेंगा आमच्याच शेतातल्या, पण पेपर छापायचा म्हणलं की हिशोब युरोत. 'नेचर' ह्या जर्नलनं २०२० मध्ये ओपन ॲक्सेसचा (पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लिहिणाऱ्यानं भरायचा) रेट जाहीर केला, ९,५०० युरो, म्हणजे आठ लाखाच्या वर. जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, महिन्याला ३७,००० (तीबी वेळेवर आली तर), करा भागाकार. वाचायचं तरी जरा सोपं झालं, २०२५ पासून सरकारनं वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलंय, सरकारी कॉलेजांना १३,००० च्या आसपास जर्नल्स.

जर्मनीत कॉन्फरन्स होती, तर व्हिसासाठी रात्रभर देवगिरी एक्सप्रेसमधी बसून मुंबई गाठली, फाईलमधी बापाचा सातबारासुद्धा लावला, खिडकीतल्या बाईनं तो उलटा धरून बघितला. व्हिसा आला, कॉन्फरन्स संपल्यावर चौथ्या दिवशी. पोस्टर अजून गुंडाळलेलंच हाय, कपाटावर.