तानपुऱ्याच्या मागे बसून

आमची तिकिटे आठव्या रांगेची होती आणि प्रत्यक्षात आम्ही बसलो ते थेट रंगमंचावर, गायिकेच्या पाठीमागे, तिच्या डाव्या अंगाच्या तानपुऱ्यापासून जेमतेम चार हातांवर. त्याचे असे झाले की त्याच दोन क्रमांकांची तिकिटे आणखी एका जोडप्याकडेही निघाली, ते आमच्या आधी येऊन स्थिरावले होते आणि सभागृहात एकही जागा शिल्लक नव्हती. संयोजकांपैकी एक गृहस्थ कमालीचे ओशाळले आणि त्यांनी आम्हाला विंगेतून नेऊन रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात अंथरलेल्या जाजमावर बसवले. आमच्यासारखे दहा-बारा श्रोते तिथे आधीच मांडी घालून बसलेले होते. मैफलीला मी गेली वीस वर्षे जाते आहे, आणि कलावंताची पाठ बघत गाणे ऐकायचे या कल्पनेने माझा चेहरा चांगलाच उतरला. मैत्रीण मात्र खुशीत होती. ‘‘अगं, नाटकाच्या मागच्या बाजूला बसायला मिळावं तसं झालं हे,’’ ती म्हणाली.

ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण आपल्याला गाण्यातले काही कळत नाही, असे आधीच सांगून मोकळे होणाऱ्यांपैकी आहे. तिचे काम प्रयोगशाळेतले. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघायच्या आणि जे दिसेल ते नोंदवायचे. तिला मैफलीला आणण्यासाठी मी कित्येक वर्षे प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वेळी तिचा प्रश्न ठरलेला असे, की सगळे गाणे ध्वनिमुद्रित स्वरूपात घरबसल्या मिळत असताना रात्र जागवायला बाहेर कशाला पडायचे. त्यावर मी तिला जुन्या काळच्या गायिका गौहर जान यांची गोष्ट सांगत असे. 1902 साली कलकत्त्यात त्यांनी पहिल्या ध्वनिमुद्रिकांसाठी गायन केले तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत असत आणि त्या तीन मिनिटांतच रागाचे रूप उभे करून शेवटी स्वतःचे नावही सांगावे लागत असे, कारण तबकड्या परदेशात छापल्या जात आणि तिथल्या लोकांना कोणता आवाज कोणाचा हे समजावे म्हणून ती सोय होती. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तनच, तालाचा एक पुरा फेराच, पाऊण ते एक मिनिट चालते. मग तीन मिनिटांत ख्यालाचे, राग सावकाश फुलवत नेणाऱ्या गाण्याचे, काय व्हायचे? पुढे 1948 मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या पुढे गाणे मावू लागले, तरी कुठेतरी कात्री लागायचीच. हा माझा युक्तिवाद मला स्वतःला फार आवडत असे. मैत्रिणीला तो कधीच पटला नव्हता, कारण आता ध्वनिमुद्रणाला वेळेची मर्यादा उरलेलीच नाही, हे ती शांतपणे दाखवून देत असे.

पडदा उघडण्यापूर्वीची पंधरा मिनिटे मी आजवर कधीच पाहिलेली नव्हती. गायिकेची पट्टी, म्हणजे तिचा षड्ज (सा), पेटीवरची काळी चार होती. तिच्या दोन शिष्यांपैकी आमच्या बाजूची मुलगी असेल विशीच्या आतबाहेरची; तिने तानपुरा मांडीवर आडवा घेतला, पंचमाची (प) तार, मग जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, दोन तारा आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, अशा चारही तारा खुंट्या पिळून जवळपास आणल्या आणि मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खालच्या अंगाचे मणी नखाने सरकवत उरलेला केसाएवढा फरक काढला. त्यानंतर तिने जवारीचा दोरा हातात घेतला. तार आणि घोडी यांच्यामध्ये हा साधा सुती धागा असतो. तो किंचित पुढेमागे केला की तार घोडीच्या पृष्ठभागाला वेगळ्या ठिकाणी स्पर्श करू लागते आणि एवढा वेळ ठणठण वाजणारी तार एकाएकी गुणगुणू लागते. त्या मुलीने तो धागा चार-पाच वेळा हलवला असेल, पण मधल्या एका क्षणी तार अशी काही उघडली की माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. सतारवादक रविशंकर यांच्या बाबतीतली ती प्रसिद्ध आठवण मला तेव्हा आठवली. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात त्यांनी वाद्ये जुळवून घेतली आणि श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणेच एवढे आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल, अशा अर्थाचे काहीतरी ते हसत म्हणाले होते. हा किस्सा मी आजवर त्या श्रोत्यांना हसण्यासाठीच सांगत आले होते. जाजमावर बसून ती जवारी, तारेची ती गुणगुण, ऐकताना मात्र ते श्रोते मला फारसे चुकलेले वाटेनात.

दोन्ही तानपुरे एकत्र सुरू झाल्यावर मैत्रीण माझ्या कानाशी लागली. ‘‘ती शेवटची जाड तार वाजली की वरती कुणीतरी बारीक आवाजात गातंय का? की मला भास होतोय?’’ मी तिच्याकडे बघतच राहिले. चांगल्या लागलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो, त्या तारेच्या कंपनांतच तो दडलेला असतो. माझ्या गाण्याच्या शिक्षिका मला तो ऐकायला सांगत असत आणि दोन वर्षे मी ऐकू येत नसतानाही मान हलवत होते. हिला तो पहिल्याच रात्री, दहाव्या मिनिटाला ऐकू आला, आणि वर त्याला भास म्हणायचा प्रामाणिकपणाही तिच्याकडे होता.

पहिला राग बिहाग होता. तो सुंदर झाला आणि त्याविषयी मी इथे फार लिहीत नाही, कारण खरे सांगायचे तर त्यातला निम्मा वेळ मी समोरून हे कसे ऐकू आले असते या विचारात घालवला. मागून गाणे वेगळे ऐकू येते. ध्वनिवर्धकांची तोंडे श्रोत्यांकडे असल्याने आमच्यापर्यंत येत होता तो बराचसा गायिकेचा मूळचा आवाज, तबल्याच्या शाईचा कोरडा नाद, पेटीच्या भात्याचा श्वास आणि या सगळ्यावर पसरलेले तानपुरे. तबलजी एका आवर्तनात डाव्या हाताने ठेका सांभाळत उजव्या हाताने हातोडी उचलून तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर दोन हलके ठोके देत, कारण दिव्यांच्या उष्णतेने तबला सारखा चढत होता. गायिका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी तिच्या खांद्यांत एक बारीकशी तयारी होते, हेही मला दिसले. वीस वर्षांत मी समेवर मान हलवली ती ऐकून; त्या रात्री पहिल्यांदाच सम येताना दिसली.

बिहाग संपल्यावर मालकंस गायचे ठरले. मालकंसात ऋषभ (रे) आणि पंचम हे दोन्ही स्वर वर्ज्य असल्याने तानपुऱ्यावरचा पंचम चालत नाही, तो मध्यमावर (म) उतरवावा लागतो. समोरच्या श्रोत्यांच्या दृष्टीने हा चुळबुळीचा वेळ असतो. कोणी घड्याळ बघतो, कोणी उठून पाय मोकळे करतो. आमच्यापासून चार हातांवर ती मुलगी मात्र एकटीच त्या गोंगाटात कान तानपुऱ्याच्या दांडीला लावून तार खाली आणत होती. पंचम सुटला, मध्ये काही क्षण ती तार कुठल्याच गावची नव्हती आणि मग मध्यम लागला. मैत्रिणीला मी यातले काहीही सांगितलेले नव्हते. ती सरळ बसली आणि म्हणाली, ‘‘खोलीतला दिवा बदलल्यासारखं वाटलं. एवढीच तार बदलली ना?’’

आता जे घडले त्यासाठीच खरे तर हे लिहायला बसले आणि त्यासाठीच गायिकेचे नाव लिहीत नाही. विलंबित ख्याल ऐन भरात आला होता, गायिका तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, निघाली होती, आणि त्याआधीच्या कोमल निषादावर थोडे थांबून तिने वरचा षड्ज लावला तोच आवाज फाटला. अगदी अर्धा क्षण. तिने मान ध्वनिक्षेपकापासून दूर वळवली, पदर तोंडाशी धरला आणि तिचे खांदे खोकल्याने हलू लागले; आवाज मात्र बाहेर पडू दिला नाही. त्याच वेळी तिचा डावा हात पाठीमागे आला आणि बोटांनी मागच्यांना खूण झाली. आमच्या बाजूची मुलगी फक्त तानपुरा वाजवत होती. तिने तारांवरची बोटे किंचित अधिक दाबून छेडायला सुरुवात केली, एवढेच. दुसऱ्या बाजूच्या शिष्येने खालचा मध्यम धरला आणि तो हळूच षड्जापर्यंत आणून सोडला. पेटीवाल्यांनी स्वर धरून ठेवला. तबलजींनी वर न बघता ठेका चालू ठेवला, आणि आवर्तनाच्या शेवटच्या दोन मात्रांत गायिका परत वळली, मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला आणि समेवर आली.

सभागृहातून एकदम ‘वाहवा’ उठली. समोरच्यांना वाटले की तार षड्जाला नुसता स्पर्श करून तिने मुद्दाम शांतता ठेवली, शिष्येकडे स्वर सोपवला आणि नेमक्या क्षणी तो परत घेतला. दाद मनापासूनची होती आणि मी समोर असते तर माझाही हात उंचावला असता. समोरच्या कोणाही श्रोत्याप्रमाणे मी घरी जाऊन त्या शांततेचे वर्णनही केले असते. मैत्रिणीने माझे मनगट घट्ट धरले होते. तिला मालकंस माहीत नव्हता, मुखडा म्हणजे काय हेही माहीत नव्हते, पण त्या पाठीमागे आलेल्या हातावरून तिची नजर क्षणभरही हलली नव्हती. पुढची वीस मिनिटे द्रुत, म्हणजे जलद लयीच्या, बंदिशीत गायिका अशी काही गायली की मधल्या प्रसंगाचा मागमूसही उरला नाही. तार षड्ज तिने पुन्हा तीनदा लावला. तिसऱ्या वेळी तर त्यावर एवढी थांबली, की हा हट्ट आहे हे मला तिच्या पाठीच्या ताठ कण्यावरून कळत होते.

भैरवी होऊन पडदा पडला तेव्हा पहाट व्हायला फार वेळ उरला नव्हता. लोक गायिकेभोवती जमले. मैत्रीण उलट दिशेने गेली, त्या तानपुऱ्यावरच्या मुलीकडे, आणि मलाही तिच्यामागे जावे लागले. वीस वर्षांत तानपुऱ्यावर साथ करणाऱ्या कोणाशी मी एक शब्दही बोललेले नाही, हे मला तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले. मैत्रिणीने तिला विचारले की इतका वेळ अजिबात न थांबता वाजवताना बोटे दुखत नाहीत का. मुलगी हसली. ‘‘बोटांना सवय झाली आहे. पण डावा पाय मालकंसापासून माझा नव्हताच,’’ ती म्हणाली आणि खरोखरच उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी तिला मदत म्हणून तानपुऱ्याची गवसणी, त्याची कापडी खोळ, धरली. तानपुरा आत सरकवता सरकवता तिने आम्हाला विचारले, ‘‘ताईंचं गाणं कसं झालं? कान दांडीजवळ असतो ना, मला तानपुऱ्याशिवाय नीट काही ऐकूच येत नाही.’’

मी घसा साफ केला, परंतु बोलायला सुरुवात केली ती मैत्रिणीने. त्या बारीक आवाजातल्या गाण्यापासून, बदललेल्या दिव्यापासून, पाठीमागे आलेल्या हातापर्यंत ती सांगत राहिली आणि ती मुलगी एक पाय झटकत ऐकत राहिली. मी गवसणीची नाडी हातात धरून उभी होते.